खंदकापलीकडची घरं

शनिवार, २९ ऑक्टोबर २०१६. हजर: मी, नवरा, सासूबाई, आमची अकरा वर्षांची मुलगी. शिवाय ही पायी सहल ठेवणारे स्थानिक इतिहास मंडळाचे निवृत्त शिक्षक, आणि एक वयस्कर जर्मन जोडपं, जे बूट ओले झाल्यावर अर्ध्यातून परत गेलं. हवा: धुकं, गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत.

अशा नोंदी मी करते. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये रुग्णालयांत जाणाऱ्या यंत्रांच्या चाचण्यांचं वेळापत्रक सांभाळणं हे माझं काम, आणि ती सवय घरीही सुटत नाही. फ्रिजवर कायम एक यादी असते. झालं त्यावर रेघ, राहिलं ते पुढच्या यादीत.

सासूबाई त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी आल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. दोन्ही गुडघे गेलेले. विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून बाहेर येतानाच त्यांनी जाहीर केलं, "हे शेवटचं. यापुढं तुम्ही या." म्हणून त्यांच्या मुक्कामाची यादी मी जरा नेटाने केली. गरम बूट, न्यूरेंबर्गचा किल्ला, नदीतली बोट, भारतात न मिळणारा गुडघ्याचा पट्टा. सासूबाईंनी ती वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "खाली अजून एक लिही. नातीला वस्ती दाखवणे."

मी लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. कारण ती वस्ती आता कुठेच नव्हती.

त्यांची घरं गावकुसाबाहेर होती, ओढ्याच्या खालच्या अंगाला. सासूबाई तिथे जन्मल्या, तिथूनच शाळेत गेल्या, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्या नोकरीवर परगावी असताना वस्तीवरून कालवा गेला. माणसं आधीच पांगत चालली होती, उरली होती तीही उठली. गावाच्या नकाशात वस्ती कधी काढलेलीच नव्हती, त्यामुळे कागदोपत्री तिथून कुणी उठलंच नाही.

त्या सप्टेंबरात मुलीने फोनवर उपग्रहातून काढलेला नकाशा उघडला. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. "वो, आजी?" म्हणजे कुठे.

सासूबाईंनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं."

"दास इस्ट वासर."

"हां, आता पाणीच आहे. त्याच्या खाली."

मुलीने चित्र दोन बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं, जणू त्याने पाणी बाजूला होईल. मग कंटाळून फोन ठेवला. सासूबाई भांडी पुसायला लागल्या. पुसता पुसता मला म्हणाल्या, "माझे दोन्ही भाऊ गेले. कुठलं घर कुठं होतं, ते आता मला एकटीला माहीत आहे. माझ्यामागं कुणाला?"

त्यासाठी मी ती सहल शोधली असं मात्र नाही. शहराच्या वाचनालयात कागद लावला होता: जंगलातलं हरवलेलं गाव, वाट सपाट, सुरुवातीला स्वच्छतागृह. मी 'सपाट' आणि 'स्वच्छतागृह' एवढंच पाहिलं आणि चौघांची नावं दिली.

अशा गावाला इकडे वुस्टुंग म्हणतात. मध्ययुगात वसलेलं, मग ओस पडलेलं. मला वाटलं होतं, निदान पडक्या भिंती असतील. तिथे बीच जातीची झाडं होती, आणि झाडांखालची जमीन लाटांसारखी वरखाली होत गेलेली. शिक्षकांनी सांगितलं, हे शेतांचे वाफे, नांगरून नांगरून असे झाले. आता प्रत्येक वाफ्यावर माणसाच्या मिठीत मावणार नाही एवढं झाड. मधून मधून खळगे. ती तळघरं. आम्ही त्यांच्या कडेने चालत होतो, आणि कुणी न सांगता सगळ्यांचा आवाज खाली आला होता. धुक्यात पानांवरून थेंब गळत होते. दुसरा आवाज नव्हता.

"लढाई झाली का इथे? साथ?" नवऱ्याने विचारलं.

"तसं काही सापडत नाही," शिक्षक म्हणाले. "पळून कुणी गेलं नाही. दर काही वर्षांनी एक घर कमी. शेवटच्या माणसाने दार लावलं का, तेही माहीत नाही. गावाचं नावसुद्धा पक्कं नाही."

"हिअर इस्ट डोख निख्ट्स," मुलगी कुरकुरली.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणते, इथे काहीच नाही."

"हं," सासूबाई म्हणाल्या आणि काठीने पानं बाजूला करून पाहत राहिल्या.

चर्चचा गुडघ्याएवढा कोपरा तेवढा उरला होता, शेजारी लिंडेनची दोन जुनी झाडं. त्या कोपऱ्यात लाल काचेचा दिवा जळत होता. इकडे कबरीवर ठेवतात तसला, झाकणाचा. आजूबाजूला कुणीही नव्हतं.

"मंडळाने लावला?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. दरवर्षी या दिवसांत असतो. कोण लावतं, आमच्यात कुणालाच माहीत नाही."

"एखाद्या वर्षी थांबून पाहायचं की."

"नाइन," शिक्षक म्हणाले, म्हणजे नाही. इतक्या चटकन म्हणाले, की नवऱ्याने पुढे काही विचारलं नाही. सासूबाईंनी दिव्याकडे पाहून हात जोडले आणि हळू आवाजात त्रिसरण म्हटलं.

चर्चच्या मागे एक उथळ चर गोल फिरत गेला होता. गावाभोवतीचा खंदक, भरत आलेला. सासूबाई तिथे थांबल्या. "यांना विचार, बाहेर कोण राहायचं?"

"कशाच्या बाहेर, आई?"

"गावाच्या. या चराच्या पलीकडं."

मी विचारलं. शिक्षक म्हणाले, कुणीच नाही, गाव खंदकाशी संपायचं.

"असं नसतं," सासूबाई म्हणाल्या. "जनावर मेलं तर ओढून कोण न्यायचं? कातडं कोण सोलायचं? विचार ना, थांबलीस काय?"

ऑफिसात मी दिवसभर इकडचं तिकडे भाषांतर करते. हा प्रश्न तोंडातून बाहेर पडायला वेळ लागला. शिक्षकांनी चष्मा काढून पुसला. "आबडेकर," ते म्हणाले. मेलेली गुरं उचलणारा. असायचा, दर काही गावांत एक. वेगळा राहायचा. लोक त्याला शिवत नसत. गुत्त्यात त्याचा पेला वेगळा, बसायचं स्टूल वेगळं.

मी शब्दाला शब्द सांगितलं. पेल्याशी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघ."

"पण या गावात असा कुणी होता अशी नोंद नाही," शिक्षक म्हणाले.

"नोंद नसणारच. वारा कुठून येतो इथं, बहुतेक दिवस?"

"पश्चिमेकडून."

"आणि ओढा?"

त्यांनी उताराकडे हात केला. सासूबाई निघाल्या. आमच्या घराच्या दोन जिन्यांवर पायरीपायरीला थांबणारी ही बाई चराच्या सगळ्यात उथळ जागेवरून पलीकडे गेली. ती जागा तिथे आहे हे त्यांनी ती ओलांडेपर्यंत मला दिसलं नव्हतं. धुक्यात त्यांची मरून शाल पुढे पुढे जात होती आणि आवाज येत होता, "गाव पहिला वारा घेतं, पहिलं पाणी घेतं. उरलं ते खाली. आपण खाली."

त्या थांबल्या तिथे जमीन गर्द हिरवी होती. शिक्षकांनी वाटेत आम्हाला एक वेल दाखवला होता, बारा महिने हिरवा राहणारा, सदाफुलीच्या जातीचा. हा जंगलात आपोआप येत नाही, म्हणाले होते. जिथे कधी माणसं राहिली किंवा पुरली, तिथे असतो. इथे तो चटईसारखा पसरला होता.

शिक्षकांनी वाकून वेलाची पानं चाचपली. मग म्हणाले, "मी इथे कधी आलोच नाही. खंदकाच्या बाहेर बघायचं असतं, हे आम्हाला सुचलंच नाही." त्यांनी नकाशावर खूण केली. वसंतात परत येऊन पाहू म्हणाले.

"आजी, वोहेर वाइस्ट दू दास?" मुलीने विचारलं. हे तुला कसं माहीत.

मी सांगितल्यावर सासूबाई हसल्या. "त्यात माहीत काय असायचंय? आमचं घर इथंच असतं."

पुढच्या रविवारी नवरा कामासाठी इंगोलश्टाटला निघून गेला होता. नाश्त्याला सासूबाई म्हणाल्या, "मला तिथं परत ने. पोरीला घे. दगड मिळतील का?"

मी घडीचं स्टूल, थर्मास, दोन कापडी पिशव्या आणि हातमोजे घेतले. जंगलात शिरायच्या आधी शेताच्या कडेला दगडांचा ढीग होता, नांगरताना लागलेले दगड शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या टाकत आलेत तो. त्यातले एका अंगाला शेवाळ धरलेले आम्ही पिशव्या भरून नेले. खेपा मुलीने घातल्या.

तेव्हा मला कळलं, त्यांच्या मनात काय आहे. नोकरी ज्या गावात असेल त्या गावाचा नकाशा त्या तिसरीच्या वर्गाला असाच शिकवायच्या, शाळेच्या अंगणात दगड मांडून. ही शाळा, ही चावडी, हे देऊळ, हा पार. "वर्षानुवर्षं मांडला," त्या म्हणाल्या, "पण त्यात वस्ती कधी आली नाही. अंगण तेवढंच असायचं आणि मीही तेवढंच मांडायची."

स्टुलावर बसून त्यांनी काठीने रेघा दाखवल्या आणि मुलीने दगड लावले. नुसते ठेवायचे नाहीत, टाचेने दाबून बसवायचे. "ओळ वाकडी झाली. काढ. हां, हे थोरल्या काकाचं. मध्ये बोळ सोड, एक बकरी जाईल एवढा. हे आमचं. दार उगवतीला."

मुलगी दगड घेऊन सरळ आत आली.

"ए! भिंतीतून काय येतेस? दार तिकडं."

मुलगी थबकली. मागे गेली, वळसा घालून दारातून आली. पुन्हा ती एकदाही भिंतीतून गेली नाही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की थर्मास घेऊन मीही वळसा घालते आहे.

सगळ्यात शेवटी सासूबाई उठल्या. "गावच्या विहिरीवर आम्हाला जायचं नव्हतं. ओढ्याकाठी उकरलेला झिरा होता आमचा." काठी टेकत त्या घरांच्या खालच्या बाजूला गेल्या, बूट काढले, नुसत्या मोज्यांवर दोन-तीन ठिकाणी उभ्या राहिल्या. मी ओरडले, "अहो आई, थंडी बाधेल!" त्यांनी ऐकलं नाही. "इथं," म्हणाल्या. मुलीने तिथे दगडांचं कडं केलं.

मग काम संपलं. धुकं झाडांमधून आत आलं, घरांच्या ओळींपाशी आलं. मुलगी आपल्या आजीच्या घरात उभी होती, दाराकडे तोंड करून, कुणी येणार असल्यासारखी. ती हळूच म्हणाली, "हिअर वोन्ट येमांड."

इथे कुणीतरी राहतं. मी तिला हातमोजे घालायला सांगितलं.

परतताना चर्चच्या कोपऱ्यात दिवा जळत होता. आठवड्यापूर्वीचा नव्हता, याचं मेण काठोकाठ होतं. सकाळपासून आम्ही हाकेच्या अंतरावर होतो आणि कुणाची चाहूल लागली नव्हती.

घरी आल्यावर मी फ्रिजपाशी गेले, प्रश्नचिन्ह खोडलं आणि ओळीवर रेघ मारली. सासूबाई रेघ पूर्ण होईपर्यंत माझ्या हाताकडे पाहत होत्या. पुढच्या आठवड्यात त्या परत गेल्या.

एप्रिलमध्ये शिक्षकांचा ईमेल आला. शब्द मोजून लिहिणारा माणूस, पण त्यात तीन ठिकाणी उद्गारचिन्ह होतं. या म्हणाले, आणि शक्य तर तुमच्या सासूबाईंना कळवा. आम्ही तिघं गेलो.

खंदकापलीकडे झाडाझाडाला दोऱ्या बांधल्या होत्या. जमिनीत लाकडी खुंट्या, प्रत्येकीवर आकडा. खुंट्या सासूबाईंच्या दगडांना लागून होत्या. हिवाळ्याने दगड आत बसवले होते, वर पानं कुजली होती, वेल दोन ओळींवरून पुढे गेला होता. ते मी स्वतः पिशवीतून आणले नसते, तर मलाही जुने वाटले असते.

"घरांचे पाये," शिक्षक म्हणाले. "लहान, दाटीवाटीने. मध्ये अरुंद बोळ. आणि दारं पूर्वेला, वाऱ्याकडे पाठ करून! तुमच्या सासूबाई बरोबर होत्या. नोंद नव्हती, पण माणसं होती."

"मामा, दास सिंड डोख..." मुलीने सुरुवात केली. म्हणजे, आई, हे तर आपले.

मी तिचा हात दाबला. नीट सांगावं लागेल, असं तोंडावर नको, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. शिक्षक पुढे गेलेही होते, खालच्या बाजूला, दगडांच्या कड्यापाशी. तिथे त्यांनी लोखंडी सळई घालून पाहिली होती आणि ती सरळ आत गेली होती. मग मंडळाने थोडं खोदलं. मी वाकून पाहिलं. आम्ही मांडलेल्या कड्याच्या बरोबर खाली दुसरं कडं होतं, घडवलेल्या दगडांचं, थरावर थर, खोल जाणारं. तळाशी काळं पाणी. त्यात माझं डोकं दिसलं.

ते दगड आमच्या पिशवीतले नव्हते.

"आणि हे," शिक्षक म्हणाले. सासूबाईंच्या घराच्या उंबऱ्यावर लाल काचेचा दिवा होता, जळून संपलेला, काचेत पावसाचं पाणी. "मला वाटलं तुम्ही ठेवलात."

"नाही," नवरा म्हणाला. "आम्हाला वाटलं तुम्ही."

कुणीच तो उचलला नाही. निघताना मी शिक्षकांना म्हणाले, "मला तुम्हाला काही कळवायचं आहे. लिहून पाठवते." मुलगी आमच्या मागून आली, वळसा घालून, दारातून.

रविवारच्या फोनवर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. खुंट्यांचं ऐकून त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. "म्हणजे आता किती जुनी झाली आमची वस्ती?"

"त्यांच्या हिशोबाने सहाएकशे वर्षं."

"घ्या! कालव्याच्या आधीची ठरली. नकाशात घेतली का?"

"घेतायत."

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि हसू ओसरल्यावरही थोडा वेळ तसंच, "अगं बाई," म्हणत राहिल्या.

मग मी विहिरीचं सांगितलं. विचारलं, तीच जागा तुम्ही कशी काढलीत.

"पायाला ओल लागली. झिरे काय कमी हुडकलेत?" आणि त्यांनी उलट मलाच विचारलं, "मग ती विहीर कुणाची?"

"माहीत नाही, आई."

"म्हणजे होतं तिथं कुणीतरी."

"असणार."

"त्यांची घरंही असतील. आसपासच. आणि हे लोक आमच्या दगडांना खुंट्या मारून मोकळे झाले, म्हणजे ती आता कुणी हुडकायचं नाही." त्यांचा आवाज वर्गातला झाला. "हे बघ, त्यांना कळव. दगड आमचे, विहीर त्यांची. त्यांची घरं वेगळी आहेत, शोधा म्हणावं. आपल्यावरून कालवा गेला. आपण कुणावरून जायचं नाही. लिही यादीत."

मी लिहिलं.

त्या गोष्टीला आता वर्षं झाली. सासूबाई गेल्या, शेवटच्या आजारात त्यांनी पत्राचं दोनदा विचारलं आणि मी दोनदा 'करते' म्हणाले. खंदकापाशी मंडळाने माहितीचा फलक उभा केला आहे. त्यावर खंदकाबाहेरची वस्ती रंगवली आहे: धूर निघणारी छपरं, अरुंद बोळात एक बकरी, उगवतीकडे दार असलेलं एक घर. बकरीचं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. मुलगी माझ्यापेक्षा उंच झाली आहे. मैत्रिणींना तिथे नेते, जर्मनमध्ये सांगते की हे माझ्या आजीचं घर, हे थोरल्या काकांचं, आणि कुणी भिंतीवरून पाय टाकला तर आजीच्याच आवाजात ओरडते, तेवढं मराठीत. पत्र गेलं की खुंट्या निघतील, फलक उतरेल, आणि दगड बहुधा ढिगात परत जातील. पत्र गेलं नाही तर विहिरीवाल्यांची घरं आमच्या घरांखाली आहेत तशी राहतील.

दर नोव्हेंबरात मी एकदा जाऊन येते, पानं झाडते, ओळी पाहते. उंबऱ्यावर दिवा असतो. मी थांबून पाहिलेलं नाही.

शिक्षक आता खूप थकलेत, म्हणून हे लवकर व्हायला हवं. संगणकात पत्राचा मायना लिहून तयार आहे, त्याखाली पान कोरं आहे. या आठवड्याची यादी: गाडीचे हिवाळी टायर, मुलीचा विद्यापीठाचा अर्ज, तळघरातला दिवा बदलणे, मंडळाला पत्र. पहिल्या तिन्हींवर रेघ आहे.